साडीच्या खोक्यातला स्फटिक

आमच्या घरमालकांना, आप्पांना, हळू बोलता येत नव्हतं. येतच नव्हतं! सुरतेत बमरोलीच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, त्यांनी तीस वर्षं मास्तरकी केली. मास्तर म्हणजे शिकवणारा नव्हे, बिघडलेले लूम चालू करून देणारा. त्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ती सवय घरीही सुटली नाही. जेवताना मीठ मागायचे तर समोरच्या घरातली बाई वाटी घेऊन दारात येईल अशा आवाजात. मग असा माणूस आनंदात आला की काय होत असेल, विचार करा! आणि आप्पा तर रोज आनंदात यायचे. त्याला कारण एकच असायचं, दगड.

लिंबायतच्या त्या घरात खाली भाडेकरूंच्या चार खोल्या, वर आप्पा आणि त्यांची बायको आक्का. मी पारोळ्याकडून नवानवा आलेला, वराछ्याला हिऱ्याच्या कारखान्यात घासायला बसायचो. पहिल्याच दिवशी आप्पांनी मला वर ओढून नेलं. "चल! चल रे भो! आधी ते देख, मग सामान लाव!" वर गेलो तर खोलीभर फळ्या, आणि फळ्यांवर साडीचे खोके. पारदर्शक झाकणाचे, मार्केटातून आणलेले रिकामे खोके. प्रत्येकात लूमच्या वाया गेलेल्या धाग्याची गादी आणि त्या गादीवर एक दगड निजवलेला. कुठे हिरवट, कुठे दुधाळ, कुठे पिसासारखे पांढरे काटे फुटलेला. प्रत्येकाजवळ चिठ्ठी, कुठे मिळाला, कोणत्या दिवशी, सोबत कोण होतं. कित्येक चिठ्ठ्यांवर "सोबत : कोणी नाही" असं होतं, कारण सोबत जायला कोणी तयारच नसायचं.

मी आपलं सुरतेतल्या माणसासारखं विचारलं, "आप्पा, हा कितीला जाईल?"

"खाले जाय!" आप्पा गरजले.

मला वाटलं, खोली गेली! पण तसं नव्हतं. हा त्यांचा नियम होता. जो कोणी दगडाची किंमत विचारील त्यानं जिना उतरून गल्लीत जायचं, पायाला ताजी धूळ लावायची आणि पुन्हा नव्यानं पाहुणा म्हणून वर यायचं. मग आप्पा दारात उभे राहून "या, या!" म्हणणार, जणू आधी काही घडलंच नाही. त्या दिवशी मी तीनदा उतरलो. तिसऱ्यांदा आक्का चुलीपाशी बसूनच म्हणाल्या, "पोरगा दमना ना! चहा तरी पिऊ द्या त्याले."

पण सगळ्या खोक्यांत एक खोका खास होता. वरच्या फळीवर, एकटा. त्यात स्फटिक! मधल्या बोटाएवढा लांब, दोन बोटं जाड, सहा बाजूंचा, वर टोक काढलेला. आणि स्वच्छ किती? वर्तमानपत्रावर ठेवला की खालची अक्षरं वाचता यायची. आप्पा तो दोन्ही हातांनी काढायचे आणि आधी तुमच्या गालाला लावायचे. "देख! थंडा शे का नही? काच राहती तर एव्हाना कोमट व्हती!" मग भाचीच्या जुन्या कंपासपेटीतलं कोनमापक काढायचे आणि दोन बाजूंमधला कोन मोजून दाखवायचे. एकशे वीस. दुसऱ्या दोन बाजूंचा, एकशे वीस. सगळे सहाच्या सहा मोजून झाल्याशिवाय तुमची सुटका नाही. "त्याले कोणी शिकाडं? कोणत्या शाळात गयता तो?" असं ओरडताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं. मी हसायचो. पण खरं सांगतो, दहाव्यांदा पाहतानासुद्धा माझ्या अंगावर काटा यायचा.

त्याच्या बाजूंवर बारीक आडव्या रेघा होत्या. घड्याळजीकडून आणलेलं भिंग डोळ्याला लावून आप्पा त्या रेघांवरून नजर फिरवत बसायचे. त्याच्या वाढीच्या रेघा आहेत म्हणायचे, कसा कसा मोठा झाला ते सगळं त्यात आहे म्हणायचे. आप्पा हे शंभरदा बोलले असतील, खोटं कशाला सांगू.

तो मिळाला त्याची कथा तर आक्कांच्याच तोंडून ऐकावी. भाचीचं लग्न अमळनेरला. दोघं आदल्या दिवशीच्या गाडीनं निघालेले, सोबत लाडवांचा डबा, आहेराची ट्रंक. नवापूरच्या अलीकडे गाडी उगाच थांबली. रुळाशेजारी खडीची खाण. आप्पांनी खिडकीतून पाहिलं आणि "आलोच!" म्हणून खाली उडी टाकली. गाडी सुटली. आक्का, लाडू, ट्रंक सगळं अमळनेरला पोचलं, मामा मात्र खाणीत! दुसऱ्या दिवशी नवरीला मांडवात आणायला मामा लागतो ना? मामाचा पत्ता नाही. शेवटी गावातल्या एका चुलतमामाला उभा केला, अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि मग आप्पा उगवले. धोतर फाटलेलं, कोपर सोललेलं, कमरेला उपरण्यात काहीतरी बांधलेलं. खाणीतल्या गड्यानं तडकलेला काळा दगड फोडायला घण उचलला होता, आत पोकळी, पोकळीत हा लखलखतोय! आप्पांनी घणाखाली अंग टाकलं म्हणे. बहिणीनं दोन वर्षं तोंड बघितलं नाही. "ती मन्ही सवत शे," आक्का वरच्या फळीकडे बोट दाखवून म्हणायच्या, आणि दर शुक्रवारी स्वतःच्या पदरानं त्या सवतीच्या खोक्यावरची धूळ पुसायच्या.

सुरतेत प्लेगची आवई उठली तेव्हा सगळी गल्ली उधना स्टेशनाकडे पळाली. आप्पांनी कपडे घेतले नाहीत, भांडी घेतली नाहीत, एक पोतं दगड घेतले. ते पोतं गाडीत चढवताना लोक शिव्या घालत होते. पण स्फटिक पोत्यात नव्हता. चालताचालता तो त्यांनी माझ्या हातात दिला. "तू हिरा सांभाळस रोज. तुन्हा हात पक्का शे." मी तो जळगावपर्यंत बनियनच्या आत धरून उभ्यानं नेला. त्या दिवसापासून मी भाडेकरू राहिलो नाही, घरचाच झालो.

एवढं सगळं होतं, पण आप्पांना एक दुःख होतं. दगड कळणारा माणूस त्या जिन्यावर कधी चढला नव्हता. यायचे ते कडोदऱ्याचे लूमवाले, रिक्षावाले, दूधवाला. सगळे किंमत विचारायचे, जिना उतरायचे, कौतुक करून जायचे. "यासले काय कळस," आप्पा म्हणायचे, रागानं नाही, जरा कष्टी होऊन. मग त्यांनी बडोद्याच्या एका कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना पत्रं लिहायला सुरुवात केली. सातवीत शाळा सोडलेला माणूस! चारचार पानी पत्रं, सोबत स्फटिकाचं चित्र, सहाही कोनांची मापं, रेघा कुठे दाट कुठे विरळ त्याचा नकाशा. पाच पत्रांना उत्तर नाही. सहाव्याला पोस्टकार्ड आलं.

काय तो दिवस! आप्पा जिन्यावरूनच ओरडत सुटले. "उना! उना! कार्ड उनं!" प्राध्यापक महाराष्ट्रीय होते, मराठीतच लिहिलं होतं. येत्या रविवारी येतो, तुम्ही रेघांचं लिहिलं आहे तसा तो खरोखर असेल तर आमच्या कॉलेजच्या काचेच्या कपाटात ठेवू, खाली शोधणाऱ्याचं नाव लावू. आप्पांनी ते कार्ड दूधवाल्याला वाचून दाखवलं, रिक्षा थांबवून रिक्षावाल्याला दाखवलं, मला तर पाठच करवलं. "नावना आगे श्री लावतीन का रे?" हे त्यांनी मला किती वेळा विचारलं असेल! कॉलेजात त्यांचं नाव, काचेच्या कपाटात! मीही नाचत होतो, आख्खी गल्ली नाचत होती.

आता माझं ऐका. स्फटिकाच्या बुडाशी एक तांबूस डाग होता, गंजासारखा. आमच्या कारखान्यात घासलेला हिरा ऍसिडात उकळून साफ करतात, हे आप्पांना माहीत होतं. गुरुवारी त्यांनी खोका माझ्या हातात दिला. "साफ करी लय. पाहुणा येवाना शे. चकाचक!" मी म्हटलं, आप्पा, बघाच तुम्ही.

शुक्रवारी सकाळीच उकळणाऱ्या भाईला मस्का मारून डाग घालवला. डाग गेला. पण आता दगड इतका स्वच्छ दिसायला लागला की त्या रेघा जास्तच डोळ्यांत खुपायला लागल्या. तुम्ही म्हणाल, शंभरदा ऐकून कसं कळलं नाही? अहो, मी दिवसाचे दहा तास जिथे बसायचो तिथला कायदा वेगळा होता. हिऱ्यावर मूळची साल कुठे केसाएवढी राहिली तरी तिला आम्ही 'नॅचरल' म्हणायचो, आणि नॅचरल राहिलं की मॅनेजर माल तोंडावर परत फेकायचा. नॅचरल म्हणजे कामचुकारपणा! माझ्या बोटांना तेवढंच ठाऊक. आणि हा तर आप्पांचा स्फटिक, कपाटात बसायचा, खाली नाव लागायचं. असा खरबरीत जाऊ देऊ? नवरदेवाला दाढी न करता बोहल्यावर पाठवू?

शुक्रवारी आणि शनिवारी, दोन्ही जेवणाच्या सुट्ट्या मी घंटीवर बसलो. घंटी म्हणजे आमचं घासायचं चाक. हिऱ्यापुढे स्फटिक अगदीच मऊ, हातात धरूनच काम झालं. सहाही बाजू आरशासारख्या केल्या, टोकाचे तिरके पैलूही सोडले नाहीत. शेजारचे कारागीर उठून बघायला आले. एक काठेवाडी म्हणाला, "वाह भाई, हाथ छे!" माझी छाती अशी फुगली की विचारू नका. आयुष्यात इतकं मन लावून मी काही केलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी आप्पा दारातच उभे. मी खोका पाठीमागे धरला. "आज नाही. उद्या पाहुण्यांसमोरच उघडू." नाटक आप्पांनाही आवडायचं. "वा रे भो!" म्हणाले, आणि खरोखर त्यांनी खोक्याला हात लावला नाही.

रविवारी प्राध्यापक आले. सडपातळ, साठीकडे झुकलेले, खांद्याला शबनम. जिन्यावर गल्ली दाटली होती. आक्कांनी सकाळपासून खापरावर मांडे घातले होते. आणि काय सांगू, त्या माणसानं एकाही दगडाची किंमत विचारली नाही! एकेका खोक्यापुढे थांबायचे, वाकायचे, "अरे वा" म्हणायचे. एका चिठ्ठीवरची तारीख वाचून म्हणाले, "हे तुम्ही लिहून ठेवलंत? आमची मुलंसुद्धा ठेवत नाहीत." आप्पांचा आवाज पार छपराला लागला होता. ते त्यांना फळीवरून फळीवर ओढत होते, मध्येच माझ्याकडे वळून "देख, देख!" म्हणत होते. इतका सुखी माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

"आते उघड रे!" आप्पा ओरडले.

मी झाकण काढलं. खिडकीतलं ऊन नेमकं त्यावर पडलं आणि सगळी भिंत लखलखली. जिन्यावरची माणसं "अहाहा!" करून ओरडली. मी आप्पांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांचा हात स्फटिकाच्या दिशेनं निघाला होता आणि अर्ध्यावरच राहिला होता. प्राध्यापकांनी स्फटिक उचलला, भिंग काढलं. एक बाजू, दुसरी बाजू, अशा सहाही बाजू पाहिल्या. मग टोक पाहिलं. मग परत पहिली बाजू.

"हा कुणी घासला?"

मी तोंड उघडलं. अभिमानानं! हो, अभिमानानं. "मी" हा शब्द माझ्या दातांशी आला होता.

"मी!" आप्पा गरजले. जिन्याखाली, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मी घासला!"

आणि मला राग आला. देवाशप्पथ, राग आला! दोन दिवसांची मेहनत माझी, आणि हे स्वतःच्या नावावर घेतात? मी पुढे सरकलो, तर आप्पांनी माझं मनगट धरलं. असं धरलं की बोलताच येईना.

मग प्राध्यापक बोलायला लागले. आधी हळू बोलत होते. "अहो, त्या रेघांसाठी मी बडोद्याहून आलो. चार पानं तुम्हीच लिहिलीत त्यांच्यावर. निसर्गानं तयार केलेली बाजू होती ती. आता हा काय राहिला? दुकानात मिळतो तसला एक तुकडा." मग त्यांचा आवाज चढला. "कळत नसेल तर हात कशाला लावता? बाजारात दिसावा म्हणून घासलात? तुम्ही दगड जमवता की शोभेच्या वस्तू?"

मी काय करून बसलो ते मला तेव्हा कुठे समजलं. मी आप्पांकडे बघत होतो. किंमत विचारणाऱ्याला जिना उतरायला लावणारा हा माणूस, मान खाली घालून उभा. "चूक झाली साहेब," एवढंच म्हणाले. आक्का चुलीपासून उठल्या, त्यांचे ओठ हलले, पण आप्पांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि त्या पुन्हा खाली बसल्या. प्राध्यापकांनी स्फटिक खोक्यात ठेवला, अगदी जपून ठेवला, ते काही वाईट गृहस्थ नव्हते. मांड्याचा एक तुकडा मोडला आणि निघून गेले.

गल्ली पांगली. मी तिथेच बसकण मारली आणि रडलो. चांगला भोकाड पसरून, लहान पोरासारखा रडलो. "आप्पा, मला का बोलू दिलं नाहीत?"

आप्पांनी धोतरानं चष्मा पुसला. "तो ते गया बडोद्याले," ते म्हणाले. "तुले आठेच, याच गल्लीमा राहानं शे."

मग त्यांनी विचारलं, "कवय घासा रे? सुट्टी कथी भेटनी?"

"जेवणाच्या सुट्टीत."

"दोन्ही दिन?"

मी मान हलवली. आप्पा आक्कांकडे वळले आणि पुन्हा त्यांच्या नेहमीच्या आवाजात ओरडले, "याले ताट वाढ ना! दोन दिननं जेवण राहीसन गये याचं!"

आता जी गोष्ट गल्लीनं वर्षानुवर्षं सांगितली ती अशी, की आप्पांनी जन्मभर दगड जमवले आणि ऐन वेळी, साहेबापुढे मिरवायला, स्वतःच्या हातानं आपला सगळ्यात खास दगड बिघडवला. पोरं त्यांना बघून हातावर हात घासायची. दूधवाला म्हणायचा, "आप्पा, आमची किटलीपण घासून द्या." आप्पा हसायचे. मी पुढे सहा वर्षं त्याच खोलीत राहिलो, माझं लग्न त्याच घरातून झालं, मामाच्या जागी आप्पा उभे राहिले आणि तासभर आधी येऊन उभे राहिले. माझ्याबद्दल कोणी कधी एक शब्द बोललं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. दर वेळी वाटायचं, आज सांगू. दर वेळी आप्पा माझ्याआधी मोठ्यानं काहीतरी बोलायचे.

आप्पा गेले तेव्हा दहाव्याला तापीवर माणसं जमली होती. चांगलं बोलत होती सगळी. मग एकानं तीच गोष्ट काढली, प्रेमानंच काढली, आणि सगळे रडतारडता हसले. मी आक्कांकडे पाहिलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं नाही. आणि मी, चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप, तरीही गप्प बसलो!

आता आप्पा मध्ये बोलायला नाहीत, म्हणून लिहितो. लिंबायतमध्ये ज्यांनी ज्यांनी ही गोष्ट ऐकली असेल त्यांनी ती दुरुस्त करून घ्यावी. स्फटिक मी घासला. आप्पांनी तर त्याला पुसायचं फडकंसुद्धा कधी जोरानं लावलं नव्हतं.